तीन किलो दोनशे तीस ग्रॅम

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. दोन पारड्यांचा तराजू मात्र डोळ्यांसमोर आणू नका. मुठीत मावेल एवढं माझं अंग, खाली हूक, पोटात बॅटरी आणि कपाळावर आकडे उमटणारी छोटी काच. विमानाने गावी निघालेली माणसं आपली बॅग माझ्या हुकाला अडकवतात आणि मला वर उचलतात. बॅग जमिनीवरून सुटली की मी दहा ग्रॅमपर्यंत खरं सांगतो.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथलं मला काही आठवत नाही. आठवतं ते दुबईजवळच्या अजमानचं दुकान आणि हव्वाबीचा आवाज. "पंधरा दिरहम? म्हणजे साडेतीनशे रुपये झाले गो!" असं म्हणत तिने मला घेतलं आणि आमच्या इमारतीत आणलं. इथली निम्मी घरं रत्नागिरी-रायगडकडची. कुणी गावी निघालं की त्याच्या बॅगेत चौघांची पुडकी जातात: खजूर, दूध पावडर, अत्तर, कुणाच्या आईसाठी गुडघ्याचा पट्टा. कोण निघालंय, कुणाच्या बॅगेत किती जागा आहे, हे सगळं हव्वाबीच्या डोक्यात असायचं. तिला सगळे खाला, म्हणजे मावशी म्हणत; पुडकं आणताना लोक हमखास सांगायचे, "खाला, अर्धा किलोच आहे." हव्वाबी हसून मला पुढे करायची. मी म्हणायचो, एक किलो नव्वद.

काय दिवस होते ते! पण पुढे सगळे फोनवरच्या ग्रुपवर लिहायला लागले. "जागा आहे का?" "दोन किलो असेल." "तीन धरा." कुणाचं पुडकं कुणाकडे हे अजूनही हव्वाबीच जुळवायची, पण अंदाजाने काम भागलं आणि मी खणात गेलो. कुणी बॅटरीसुद्धा काढली नाही. ती पोटातच फुटली आणि माझ्या पत्र्यांवर हिरवट बुरशीसारखा थर चढला.

मला बाहेर काढलं ते तिसऱ्या मजल्यावरच्या फिझाने. फिझा श्रीवर्धनकडची, बारावीनंतर लग्न झालेली, दहा महिन्यांच्या यम्नाची आई. यम्ना दुपारी झोपली की फिझा लॅपटॉप उघडायची आणि व्हिडिओ बघून वेबसाइट बनवायला शिकायची. कोण गावी निघालंय आणि कुणाचं पुडकं कुणाकडे, हे दाखवणारं तिने पहिलं पान केलं, ते नुसती पाटी होती. नवीन नाव आलं की तिनेच आत जाऊन लिहायचं, जुनं तिनेच पुसायचं. मग ती डेटाबेस शिकली. मित्रांनो, डेटाबेस म्हणजे आखलेल्या तक्त्यांचं कपाट समजा. फिझाने दोन तक्ते केले. एकात प्रवासी, दुसऱ्यात पिशव्या. प्रत्येक पिशवीपुढे ती कोणत्या प्रवाशाबरोबर जाणार ते नाव. कुणी आपल्या फोनवरून ते नाव निवडलं की कपाटात नोंद व्हायची आणि पान आपोआप बदलायचं.

"खाला, मला तुमचा काटा हवा," ती हव्वाबीकडे येऊन म्हणाली. "वजनाच्या रकान्यात अंदाज नाही चालत."

"तुझा कॉम्प्युटर माझ्यापेक्षा हुशार का?"

"नाही हो. पण तुम्ही आजारी पडलात तर सगळी इमारत अडते."

हव्वाबीला ते पटलं, पण मान्य करील तर ती हव्वाबी कसली! "घेऊन जा. पण एक पुडकं जरी चुकलं ना, तर तुझं हे दुकान खलास. मग सगळे परत मला फोन करतील."

"कबूल," फिझा म्हणाली. ती वेबसाइट म्हणजे तिने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने उभी केलेली गोष्ट होती.

घरी जाऊन तिने कापसाच्या बोळ्यावर व्हिनेगर घेतलं आणि माझे पत्रे पुसले. नवी बॅटरी पोटात पडली आणि माझ्या कपाळावर शून्य उमटलं. मित्रांनो, शून्य बघून इतका आनंद मला कधी झाला नव्हता!

पहिल्याच आठवड्यात नऊ पिशव्या आल्या. फिझा एकेक पिशवी माझ्या हुकाला लावायची आणि मी सांगेन तो आकडा जसाच्या तसा लिहायची. खोर फक्कानच्या अजराने आपली पिशवी कुणाबरोबर तरी पाठवून दिली होती. दोन किलो तीनशे पन्नास. दुपारी तिने तिकडूनच, शंभरावर किलोमीटरवरून, प्रवासी निवडला: नूरुद्दीन. आणि इकडे अजमानमध्ये फिझाच्या पानावर नूरुद्दीनच्या नावापुढचं 'घेतलेलं वजन' टुणकन वाढलं. फिझा यम्नाला उचलून गोल गोल फिरली. "आलं! अगं, आपोआप आलं!"

खरं तर व्हिडिओतल्या मास्तरांनी बजावलं होतं की अशी बेरीज वेगळी साठवून ठेवू नये, लागेल तेव्हा काढावी. फिझाला ती काढता येत नव्हती, म्हणून तिने ती साठवली.

मंगळवार उजाडला. किराणा मालाच्या दुकानात काम करणारा नूरुद्दीन त्या संध्याकाळी मुंबईला निघणार होता. बॅगेत जागा फक्त सात किलोंची. उरलेल्या पिशव्या रविवारी हव्वाबीबरोबर जायच्या. नूरुद्दीन साडेचारला यायचा होता. साडेतीनला शेजारच्या सुचित्राचा फोन आला. "अगं, माझी पिशवी नूरुद्दीनभाईंऐवजी हव्वाबींकडे टाक ना. पुण्याला काही घाई नाहीये."

मांडीवर यम्ना, एक हात तिच्या पाठीवर. फिझाने थेट कपाटातच हुकूम लिहिला: पिशवीचा प्रवासी बदल, हव्वाबी कर. शेवटी एक अट लिहायची असते: 'जिथे पिशवी सुचित्राची'. नेमकी तीच राहिली. तिने बटण दाबलं आणि पडद्यावर उत्तर आलं: नऊ ओळी बदलल्या.

एक नाही, नऊ!

सगळ्या पिशव्या हव्वाबीच्या नावावर. कोणती नूरुद्दीनची, कोणती नाही, सगळं पुसलं गेलं. जुनी प्रत ठेवलेली नव्हती. हॉलमध्ये नऊ पिशव्या गाठ मारून बसल्या होत्या, आणि आत काय आहे ते फिझाला ठाऊक नव्हतं. रिवाज असा की नेणाराच पिशवी उघडून बघतो.

तिने फोन लावायला सुरुवात केली. दोघींनी उचलला, त्यांच्या पिशव्या हव्वाबीच्याच होत्या. बाकीच्या कामावर, त्यांचे फोन लॉकरमध्ये. अजराची नूरुद्दीनकडे, हे तिला पाठ होतं. सुचित्राचीही कळली होती. उरल्या पाच. तिने नवऱ्याला फोन केला. अक्रम रास अल खोरच्या गोदामात होता.

"अक्रम, दुकान खलास झालं माझं."

"कुणी सांगितलं? अजून पाऊण तास आहे. कपाटात काय उरलंय ते बघ."

तिने प्रवाशांचा तक्ता उघडला, आणि तिथे ती बेरीज होती! हुकूम पिशव्यांच्या तक्त्याला दिला होता. प्रवाशांच्या तक्त्याला धक्काही लागला नव्हता. नूरुद्दीन: सहा किलो आठशे चाळीस. तिने भराभर अजराची पिशवी वजा केली. सुचित्राची एक किलो दोनशे साठचीही केली, कारण ही बेरीज झाली तेव्हा ती यातच होती. उरले तीन किलो दोनशे तीस.

पाच पिशव्यांत एक होती तीन किलो शंभरची.

"मग तीच," अक्रम म्हणाला. "एकशेतीस ग्रॅम इकडेतिकडे कोण बघतंय? यल्ला, चल, देऊन टाक."

मित्रांनो, त्या क्षणी मला तोंड असतं तर! ज्या अंदाजाने मला खणात घातलं होतं, तोच परत दारात उभा होता.

फिझाने माझ्याकडे बघितलं. "नाही. काटा दहा ग्रॅमसुद्धा चुकत नाही. इकडेतिकडे असं काही नाहीच यात."

तिने वहीत पाचही वजनं लिहिली आणि जोड्या लावायला बसली. एक आठशे सत्तर आणि दोन एकशेवीस? जास्त. तीन शंभर आणि चारशे वीस ग्रॅम? जास्त. यम्नाने पेन पळवलं; तिने आयब्रो पेन्सिल घेतली. दोन आठशे दहा आणि चारशे वीस ग्रॅम...

तीन दोनशे तीस. बरोब्बर!

तिने उरलेल्या सगळ्या जोड्या तपासल्या, न जाणो दुसरीही जुळायची. एकही जुळली नाही. तरी मनाची खात्री होईना म्हणून तिने त्या दोन्ही पिशव्या पुन्हा माझ्या हुकाला लावल्या. दोन्ही एकत्र. मी माझं सगळं आयुष्य पणाला लावून आकडा दाखवला.

खालून हॉर्न वाजला. नूरुद्दीन वर आला आणि रिवाजाप्रमाणे दारातच पिशव्या उघडू लागला. चारशे वीस ग्रॅमच्या पिशवीत एक डबी निघाली. डबीत कानाचं मशीन, वर चिठ्ठी: अब्बांसाठी. शुक्रवारच्या आत पोचवा, नातीचा निकाह आहे.

"ही माझीच," नूरुद्दीन म्हणाला. "रविवारी नेऊन काय उपयोग!" आणि तो गेलासुद्धा.

पाचनंतर फोन सुरू झाले. कानाचं मशीन पाठवणारी जहांआरा सलूनमधून बोलली, मग बाकीच्या चौघी. पाचही पिशव्या जागच्या जागी होत्या.

फिझाला गप्प बसता आलं असतं. पण ती यम्नाला कडेवर घेऊन, मला हातात धरून हव्वाबीकडे गेली. "खाला, पुडकं चुकलं नाही. पण मी चुकले. नऊच्या नऊ तुमच्या नावावर गेली होती."

हव्वाबीने सगळं ऐकून घेतलं आणि ती पोट धरून हसायला लागली. "अगं, मी एकदा नवरदेवाचं अत्तर त्याच्या सासऱ्याला पोचवलंय! म्हातारा महिनाभर घमघमत होता. कुणाला सांगितलं का मी? तू येऊन सांगितलंस. जा, चालू ठेव तुझं दुकान. आणि ती अट काय म्हणालीस, ती मलाही दाखव एकदा."

दोघी लॅपटॉपपुढे बसल्या. फिझाने आधी सगळ्या पिशव्या पुन्हा मूळ नावांवर लावल्या, दोन्ही तक्त्यांची प्रत काढली आणि मगच सुचित्राची पिशवी हलवली. या वेळी उत्तर आलं: एक ओळ बदलली. हव्वाबीने टाळी वाजवली.

मित्रांनो, नवं शिकताना चूक होणारच; तिला भिऊ नका आणि ती लपवूही नका. काही बदलण्याआधी एक प्रत ठेवा. 'असेल दोन-तीन किलो' म्हणू नका, मोजा. आणि घरात माझ्यासारखं कुणी खणात पडलं असेल, तर आज त्याला जरा पुसून बघा. शुक्रवारी मांडवातल्या गलक्यात एका आजोबांनी आपल्या नातीचं 'कबूल' स्वतःच्या कानांनी ऐकलं. त्यात चारशे वीस ग्रॅम माझे होते.