पदरच्या ओळी

"हे घे तुझं पुस्तक," म्हणत सासूबाईंनी कवितेचं जाडजूड पुस्तक चाचपत टेबलावर ठेवलं. "माझी ड्यूटी संपली. शेवटचा भाग नवऱ्याकडून वाचून घे."

"ह्यांच्याकडून?" चिंधीबाई म्हणाली. "हे कविता वाचतात ती औषधाच्या बाटलीवरचा कागद वाचल्यासारखी."

"मग मोबाइलकडून घे. हल्ली तो वाचतो म्हणे."

सासूबाई भिंतीला धरून आपल्या खोलीत गेल्या. डोळ्यांच्या डॉक्टरांनी हात टेकले होते. उजेड कळत होता, समोर कोणी उभं आहे एवढं कळत होतं. अक्षरं गेली ती गेलीच.

चिंधीबाई हे नाव त्यांनीच सुनेला ठेवलेलं. सून चित्रकार, पण तिच्या चित्रात ना झाड ना माणूस. जुन्या पडद्यांच्या चिंध्या, सुतळी, वाळू, गंजकी जाळी, मेण आणि या सगळ्यावर रंगांचे थर. "हे विकत कोण घेतं?" असं सासूबाईंनी लग्नानंतर विचारलं होतं, आणि काही लोक खरंच घेतात हे कळल्यावर कपाळाला हात लावला होता.

पण या चिंध्यांचा जीव पुस्तकांत होता, आणि गंमत म्हणजे चित्रकर्तीला वाचायचं म्हटलं की घाम फुटे. अक्षरओळख होती, पण ओळ डोळ्यांपुढे आली की अक्षरं जागा सोडून पळत. शाळेत बाईंनी 'ढ' म्हणून वर्गाबाहेर उभं केलं, तेव्हापासून तिने कोणासमोर मोठ्याने वाचलं नव्हतं. कविता तिच्यात शिरली ती कानांनी, सासूबाईंच्या आवाजातून. टेलिफोन खात्यात जन्म काढलेला तो आवाज, एकेक शब्द सुटा आणि स्वच्छ. मागच्या खोलीत खिडकीजवळच्या खुर्चीत बसून त्या वाचत. आवाज चढला की चिंधीबाईचा टाका पडे, आवाज थांबला की तेवढं कापड कोरं राही. आवडलेली ओळ ती पुन्हा पुन्हा वाचायला लावी. "माझ्या जिभेलाच रंग फास एकदाचा," असं कुरकुरत सासूबाई पुन्हा वाचत.

सध्याचं चित्र भिंतभर होतं. गाव धरणात बुडाल्यावर घराचं दार पाठीला बांधून निघालेल्या एका म्हातारीच्या दीर्घकवितेवरचं. चिंधीबाईने मधोमध खऱ्या दाराची फळी बसवली होती, आणि शेवटचा भाग तेवढा ऐकायचा राहिला होता. प्रदर्शनवाले म्हणाले, "द्या तसंच. कोणाला कळणार आहे?" पण तिला प्रदर्शनाची चिंता नव्हती. खिडकीजवळची खुर्ची रिकामी पडली होती, आणि सासूबाई दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहत होत्या. जेवायला हाक मारली तर म्हणत, "मला आता कशाला पोसता?" ते ऐकून तिचा जीव तुटे. या बाईला त्या खुर्चीत परत बसवायचंच, ही तिची काळ्या दगडावरची रेघ होती. उपाय एकच दिसत होता. आपण वाचायचं, त्यांनी ऐकायचं.

सरावासाठी तिने पाठ असलेलं पान काढलं. कडाक्याच्या थंडीत म्हातारी ते दारच अंगावर घेऊन निजते, ते पान. शब्द ओळखीचे असले की अक्षरं पळणार नाहीत, असा तिचा हिशोब. पण बोट ठेवून जुळवू लागली तर काही जुळेचना. अंगावर घेतलेल्या दाराचा पत्ताच नव्हता. तिथे काडी होती, धूर होता, राख होती. तिने डोळे चोळले, पुन्हा पहिल्यापासून बोट फिरवलं. दोष नेहमीसारखा आपलाच असणार, म्हणून शेवटी ती पुस्तक घेऊन नवऱ्याकडे गेली.

"अहो, एवढं पान वाचता?"

नवऱ्याने आपल्या त्या औषधाच्या बाटलीच्या चालीत वाचलं. म्हातारी थंडीने काकडते, दार फोडते, शेकोटी करते आणि सकाळी रिकाम्या पाठीने पुढे निघते.

आयुष्यात पहिल्यांदा चिंधीबाईचं वाचन बरोबर निघालं होतं, आणि चित्र चुकलं होतं. ती तडक सासूबाईंच्या खोलीत गेली.

"आई, म्हातारीने दार जाळलं होतं."

"कोणी सांगितलं?" सासूबाईंनी भिंतीकडे तोंड ठेवूनच विचारलं.

"मी वाचलं."

मान वळली. "तू?"

"मी. बोट ठेवून."

सासूबाई उठून बसल्या. "मला नाही पटलं ते," त्या म्हणाल्या. "एवढा डोंगर चढून आणलेलं दार कोणी जाळतं का? त्या कवीने कधी दार उचललं असेल?"

"आणि आधीच्या कविता?"

"सगळ्या नाही गं. जिथे फारच रडारड होती, तिथे पदरची एखादी ओळ घातली."

इतकी वर्षं या बाईने ताकास तूर लागू दिली नव्हती. चिंधीबाईला राग आला, चांगलाच आला. लोकांच्या घरी गेलेली आपली सगळी चित्रं तिला क्षणभर परकी वाटली. मग वाटलं, परकी कसली, ती तर उलट घरचीच निघाली.

"चला," ती म्हणाली. "शेवटचा भाग मी वाचते. छापलाय तसाच वाचणार."

"आणि चित्रातली फळी काढणार?"

"ते ऐकून ठरवू. तुम्ही आला नाहीत तर चित्र पडून राहील."

"धमकी देतेस मला?"

"हो."

दुपारभर वाचन चाललं. चिंधीबाई अडखळली, घामाघूम झाली, एकेका शब्दाशी झटापट करत राहिली. खुर्चीतल्या सासूबाईंनी एकदाही शब्द पुरवला नाही की जांभई दिली नाही. कवितेतली म्हातारी नव्या गावात बिनदाराच्या खोलीत राहते. कोणीही येतं, कोणीही जातं, आणि ती उंबऱ्यावर बसून असते.

"संपलं?"

"संपलं. चांगलं आहे आई, खरंच."

"असेल. पण आपली म्हातारी ती नव्हे." सासूबाईंनी हात पुढे केला. "आण इकडे ते पुस्तक. तू तुझी सुई घे."

त्यांनी पुस्तक मांडीवर उघडलं, घसा साफ केला आणि त्याच सुट्या, स्वच्छ आवाजात सुरुवात केली. म्हातारी नव्या गावात पोचते, पाठीवरचं दार उतरवते, आणि आधी त्याच्यावरची धूळ पुसते.

पुस्तक उलटं धरलेलं होतं. चिंधीबाईने ते पाहिलं. तिने सुईत दोरा ओवला आणि फळीला लागून कापडावर पहिला टाका घातला.