दर्यावीर श्रीपतबाबा

पोशीरच्या प्रीतमचे आजोबा श्रीपतबाबा दुसऱ्या महायुद्धात नौदलात होते, एवढं घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यापलीकडे कुणालाच काही ठाऊक नव्हतं. समुद्राचा विषय निघाला की बाबा उठून गोठ्यात जात. लढाईत फार भोगलं असणार, असं म्हणून घरचे पुढे विचारत नसत.

बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. यंदा प्रीतमने मनावर घेतलं आणि नौदलाकडे बाबांच्या नोकरीची माहिती मागवली. अर्जावर आजीचा, म्हणजे जानकीबाईंचा, अंगठा हवा होता. नव्वदी ओलांडलेल्या आजीला कागदपत्रांचा कंटाळा, म्हणून रेशनकार्डाचं काम आहे असं सांगून त्याने अंगठा घेतला.

पुष्कळ महिन्यांनी पाकीट आलं. चार वर्षांची नोकरी, दोन जहाजांची नावं, ‘वर्तणूक उत्तम’ असा शेरा आणि एक फोटो. बाबांचा तरुणपणीचा फोटो घरात नव्हताच. यात पांढरी टोपी, रुंद जबडा, पंख्यासारखे कान. प्रीतमला त्यात स्वतःचं नाक दिसलं. त्याच्या बायकोला, अपेक्षाला, धाकटीची हनुवटी दिसली. कान कुणावर गेले ते काही ठरेना, तेव्हा ते पुण्याच्या आत्याच्या नावावर टाकले. ‘दर्यावीर श्रीपतबाबा’ असा बॅनर नाक्यावर लागला.

रविवारी आजीला रिक्षात घालून बॅनर दाखवायला नेलं. तिने बराच वेळ पाहिलं.

“हा हिरू हाय,” ती म्हणाली. “कशेळ्याचा. ह्यांचा दोस्त.”

प्रीतमने तिचा चष्मा पुसून दिला. तिने पुन्हा पाहिलं.

“हिरूच हाय रं.”

मग तिने सगळं सांगितलं. भरतीला दोघे गेले, निवड फक्त श्रीपतची झाली. पण श्रीपतने तोवर समुद्र पाहिलेला नव्हता. धक्क्यावर बोटीत पाय ठेवला आणि त्याला ओकाऱ्या सुरू झाल्या. बोट दोरखंडाने बांधलेली होती. शेवटी हिरूने त्याचे कागद घेतले, नावही घेतलं आणि श्रीपत होऊन तोच चढला.

“मग आमचे बाबा चार वर्षं होते कुठं?” प्रीतमने विचारलं.

“लोधिवलीला. माझ्या बापाच्या म्हशी राखत. तिथंच तर आमचं जमलं.” आजी एवढ्या वर्षांनीही लाजली. सरकार धरून नेईल या भीतीने तिने आजवर अवाक्षर काढलं नव्हतं.

प्रीतमने गुपचूप बॅनर उतरवला आणि फोटो घेऊन कशेळे गाठलं. हिरूचा मुलगा कोंडाजी आता म्हातारा झालेला, बाजारात टोपल्या विकत बसलेला. त्याच्या कानांकडे पाहिल्यावर प्रीतमला आणखी चौकशी करावी लागली नाही. हिरू दोन घोट घेतले की जहाजावरच्या गोष्टी सांगे आणि लोक हसत. त्याच्या नावाचा कागद कुठेच नव्हता. ‘बोटवाला’ हे नाव त्या घराला चिकटलं ते चिकटलंच, आणि त्यावरून कोंडाजीने शाळेत पुष्कळ मार खाल्ला होता, दिलाही होता.

प्रीतमने आजीकडून कळलेलं सगळं सांगितलं. कोंडाजीने फोटो हातात घेतला. टोपल्या तशाच टाकून तो मुरबाडला निघालेल्या जीपपाशी गेला आणि आतल्या एकेकाला फोटो दाखवू लागला.

“पण खाली नाव श्रीपत लिवलंय,” कुणीतरी म्हणालं.

तेव्हा कोंडाजी जीपच्या पायरीवर बसला आणि त्याने पहिल्यापासून सांगायला घेतलं. ती जीप फार उशिरा सुटली. ऐकायला सगळ्यांत आधी ड्रायव्हरच खाली उतरला होता.