चार चांगले दात

दवाखान्याचं शटर वर गेलं तेव्हाच सुमंगलाचं डोकं फिरलेलं होतं. डिचोलीच्या बाजारातल्या या दातांच्या दवाखान्यात ती एकोणीस वर्षं डॉक्टरांच्या हाताखाली काम करत होती, आणि आज पहिला नंबर तिच्याच मुलीचा होता. पल्लवीचे पुढचे चार दात तासायचे होते. चारही ठणठणीत. कीड नाही, हलत नाहीत, दुखत नाहीत. मधल्या दोन दातांत तेवढी एक फट, आणि ती फट हळर्णच्या लक्ष्मीबाईंच्या डोळ्यांत खुपली होती.

लक्ष्मीबाई म्हणजे होणारी विहीण. साखरपुड्याला पेढा भरवता भरवता चारचौघांत म्हणाल्या, "चेडू बरां आसा. तेवढी दातांची फट बुजवून घेवा लग्नाआधी. फोटोत दिसतली." होणारा नवरा श्रीनाथ शेजारीच उभा होता. त्याने मोबाइलमधून मान वर काढली नाही. आणि पल्लवी, जी एरवी आईला एका शब्दाला चार ऐकवायची, ती त्या दिवसापासून तोंडावर हात ठेवून हसायला लागली. सुमंगलाला सगळ्यात जास्त चीड आली ती याची.

डॉक्टर रुद्रेशनी तर दोन मिनिटांत निकाल लावला. चार दात तासायचे, वर कॅप बसवायच्या, विषय संपला. पल्लवी बाहेर गेल्यावर सुमंगला म्हणाली होती, "डॉक्टर, न तासता नुसती फट भरली तरी चलात मा?" चालत होतंच. चार वर्षांपूर्वीपर्यंत दवाखाना चालवणारे डॉक्टरांचे वडील ह्याच खुर्चीजवळ उभे राहून तसं भरून द्यायचे. पण रुद्रेश म्हणाले, "तो मसाला पिवळा पडतो, सुमंगलाबाय. मग लोक माझ्या नावाने बोंब मारतात." पेशंटसमोर डॉक्टरांच्या वर बोलायचं नाही, हा दवाखान्याचा नियम. घरी मात्र ती पल्लवीला कानीकपाळी ओरडून सांगत होती, की तासलेला दात पुन्हा उगवत नाही, कॅप जन्माला पुरत नाही. पल्लवीचं एकच उत्तर. "तू काय डॉक्टर आसस?"

शेवटी सुमंगलाने एक डाव टाकून बघितला. तासण्याआधी दात कसे दिसतील ते दाखवायला, तोंडातल्या दातांवरच वरून तात्पुरते दात चढवून बघता येतात. ते काम तिचंच. तिने ठरवलं, चांगले फताडे करायचे, आरशात बघून पोरगी घाबरली पाहिजे. मेण घेऊन बसली. पण एकोणीस वर्षांची सवय, हात वाकडं काम करीना. दात झाले असे सुबक की पल्लवी आरसा धरून तोंडभर हसली, हात न लावता. "आई, ह्ये तू केलंस?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. स्वतःचे हात तोडून टाकावेत असं सुमंगलाला त्या दिवशी वाटलं.

आणि आज पल्लवी त्या खुर्चीत बसली होती. इंजेक्शन देऊन झालं होतं, वरचा ओठ बधिर झाला होता. डॉक्टरांनी तासायचं यंत्र हातात घेतलं.

"माप तयार?"

"माप आसा," सुमंगला म्हणाली. "पण तात्पुरते दात मी करूचंय नाय."

डॉक्टर आधी हसले. मग त्यांच्या लक्षात आलं. तासल्यावर हिरडीच्या वर उरतात ते बारके खुंट; गार वारा लागला तरी कळ मस्तकात जाते. पक्क्या कॅप म्हापशाच्या लॅबमधून यायला दहा दिवस. तोवर त्या खुंटांवर चढवायचे तात्पुरते दात ह्या दवाखान्यात एकच माणूस करत होतं. पावडर तिच्या औषधात कालवून मापाच्या साच्यात भरायची, खुंटांवर दाबायचं, आणि पुरतं घट्ट व्हायच्या आत काढायचं. तो नेमका क्षण रुद्रेशना चार वर्षांत कधी सापडला नव्हता. दोनदा केले, दोन्ही वेळा दात तोंडातच अडकले आणि फोडून काढावे लागले.

"मी करेन," डॉक्टर म्हणाले.

"करा." ती हात बांधून उभी राहिली. "माझ्या चेडवाच्या तोंडात शिका."

डॉक्टरांनी यंत्र ट्रेमध्ये आपटलं. पल्लवी ताडकन उठून बसली, गळ्यातला रुमाल तिने ओढून काढला. बधिर ओठातून शब्द धड फुटत नव्हते, पण एकेक कळत होता.

"एकोणीस वर्षां तू ह्येच करतंस! माझ्यासारक्यांचेच दात ना ते? लग्न ठरला म्हणून येयत त्यांचेच ना? तेव्हा नाय तोंड उघडलां तुझां! ती दुसऱ्यांची चेडवां, म्हणून?"

ती तरातरा दाराकडे गेली. सुमंगलाला तिच्यामागे जाता आलं नाही. त्या पोरींचे चेहरे तिला आठवेनात, दात आठवले. एकीचा सुळा जरा पुढे, एकीचा दात किंचित आडवा. चांगले दात होते ते. सगळे तासले गेले, वर तिने सुबक टोप्या चढवल्या, आणि काम नीट जमलं म्हणून घरी जाऊन गाढ झोपली. डॉक्टरांचा राग आला होता त्याच्या दुप्पट राग आता स्वतःचा आला.

"पुढचा पेशंट," डॉक्टरांनी हाक मारली. पेडण्याची सेजल आत आली, पुढचे दोन दात, लग्न तोंडावर. तिच्याही दोन दातांत फटच. ती खुर्चीत बसली तसं डॉक्टर सुमंगलाच्या कानाशी म्हणाले, "ही तुमची मुलगी नव्हे. आता तरी हात चालवा."

सुमंगला सेजलच्या समोर जाऊन उभी राहिली.

"बाय, तुझे दात चांगले आसत. ही फट तासल्याबगर भरूक येता. तासलंस तर जल्मभर कॅप बदलीत रवतलंस. आणि तासल्यावरचे दात मी करूचंय नाय, तुझेय नाय."

"सुमंगलाबाय, पिशवी उचला आणि घरी जा!" डॉक्टर ओरडले. "परत येऊ नका!"

सेजल खुर्चीतून उठली नाही. तिने डॉक्टरांकडे मान वळवली. "खरां, डॉक्टर? तासल्याबगर होता?"

डॉक्टरांनी संगणकाकडे तोंड केलं. दारात पल्लवी थांबली होती, बधिर ओठावर हात ठेवून. तीही डॉक्टरांकडेच बघत होती.

सुमंगलाने हातमोजे काढून डब्यात टाकले आणि पिशवी खांद्याला लावली.

"सांगा मा, डॉक्टर," ती म्हणाली. "दोघींकय एकदमच सांगा."