माळवदावरची ताडपत्री

"तिकडून ओढा की जरा! का सगळं पाणी आतच ओतायलाव?"

"वरडू नको सकाळी सकाळी. दगूड तर काढू दे आगुदर."

किशनराव माळवदावर, कमलबाई शिडीवर आणि दोघांच्या मधे ती निळी ताडपत्री. भादव्यात माळवद बसल्यापासून नवराबायकोचा दिवस या भांडणानंच उजाडायचा. दिवस मावळला की ताडपत्री अंथरायची, चारी कडांना दगड ठेवायचे आणि दिवस उगवला की पुन्हा सगळं काढायचं. ताडपत्रीवर साचलेलं पाणी अलगद गल्लीकडं ढकलायचं म्हटलं तरी त्यातलं थोडं तरी भगदाडातून आत जायचंच. मग कमलबाई नवऱ्याच्या नावानं शंख करायची. किशनराव उलट बोलायचा, पण त्याच्या बोलण्यात काही जोर नसायचा.

गल्लीतल्या एखाद्या पाहुण्याला हा खुळेपणा वाटला असता. माणसं फाटलेलं छत झाकतात, ही दोघं रोज उठून उघडं करत होती. पण गावात सगळ्यांना ठाऊक होतं. तसा हुकूमच होता.

झालं होतं असं. भादव्यात पाऊस लागला तो उघडायचं नावच घेईना. पांढऱ्या मातीचं जुनं माळवद पाणी पिऊन पिऊन जड झालं आणि एका दुपारी मधल्या खोलीवरचे दोन सर, छत पेलणारी जाड लाकडं, कडकन मोडले. उभा माणूस खाली उतरेल एवढं भगदाड पडलं. खोलीत तेव्हा कुणी नव्हतं, हे नशीब. पुढच्या खोलीची भिंत आधीच फुगून गल्लीकडं झुकली होती, तिला टेकू लावून ठेवला होता. म्हणजे राहायला उरली ती चुलीची खोली, पडवी आणि हीच मधली भगदाडाची खोली. आणि या खोलीत एका कोपऱ्यात बाज सरकवून त्यांची लेक राजेश्री बाळंतीण होऊन पडली होती.

तलाठी येऊन बघून गेला होता. कमलबाईनं त्याला खोलीत नेलं नाही, बाळंतिणीच्या खोलीत परक्या माणसाला कशी नेणार? पण दारातून त्याला आत फुटलेला उजेड दाखवला.

"बघा साहेब, घरात बसून आभाळ दिसायलंय."

"दिसतंय मावशी. पण माझ्या डोळ्यानं आता चालत न्हाई," तलाठी म्हणाला. बिचाऱ्याच्या आवाजातही कंटाळा होता. "मागं लोकांनी गोठ्याचे पत्रे दाखवून घर पडल्याची मदत उचलली. आता ड्रोन येनार. वरून फोटो निघनार. फोटोत छत पडलेलं दिसलं तरच सरकारचं पक्कं घर मंजूर. तवर डागडुजी करायची न्हाई. रातच्याला झाका, दिवसा उघडं ठिवा."

"आन कव्हा येनार त्ये?"

"उघडीप झाली की."

हाच खरा पेच होता. पावसात ड्रोन उडत नाही आणि पावसात माळवदही भरता येत नाही. दोन्हीला लागते उघडीप. सर्वपित्री झाली आणि ऊन पडलं, तसं शेजारच्या दत्तरावानं गावाच्या जुन्या पांढरीतून माती आणून आपला गोठा भरूनसुद्धा घेतला. वर चढून चोपणीनं धपाधपा माती बसवताना तो हाळी द्यायचा, "वहिनी, ऊन हाय तवर भरून घ्या वं! पुन्हा लागला तर बाकीचं बी खाली येईल!"

कमलबाईच्या अंगणातही मातीचा ढीग पडला होता. लिंबाचे वासे तासून ठेवले होते, गेल्या सालच्या कापसाच्या पऱ्हाट्या वळचणीला होत्या. फक्त हात लावायची बंदी होती. ऊन वाया चाललेलं तिला डोळ्यांनी दिसत होतं आणि जीव तुटत होता. पण मंजूर होणाऱ्या घराचंही तिला वेड लागलं होतं. जन्म गेला दर साली माळवदावर माती ओढण्यात. एकदा तरी न गळणाऱ्या छताखाली निजावं असं तिला फार वाटायचं. म्हणून किशनराव थांबू म्हणाला तेव्हा तीही थांबू म्हणाली होती.

त्यात सोनपेठहून विहीणबाईंचा फोन आला. सविताबाई तोंडानं गोड, पण बोलणं असं की ऐकणाऱ्याला धाप लागावी.

"तुमचं माळवद पडलंय म्हनं? आवं, मंग सुनंला पाठवून द्या की. आमच्याकडं सलापाचं पक्कं घर हाय."

"सव्वा म्हैना होऊ द्या इहीणबाई."

"सव्वा म्हैना काय, उघड्यावर काढायचा का लेकरानं?"

मागच्या खेपेला असाच फोन आला होता. कापूस वेचणीला माणूस नाही म्हणून सव्वा महिन्याच्या आत त्यांनी राजेश्रीला नेलं होतं. पुढं ते लेकरू तापानं गेलं. कुणी म्हणालं थंडी बाधली, कुणी म्हणालं नजर लागली. कमलबाईनं दोन्ही खरं धरलं होतं. म्हणून या वेळी तिनं दाराला जुन्या लुगड्याचा पडदा लावला, उंबऱ्याशी लिंबाचा डहाळा ठेवला आणि शेजारणींनासुद्धा बाहेरूनच "लेकरू बरं हाय" म्हणून वाटेला लावलं. ड्रोनचं घर आणि सोनपेठचं घर, दोन्हीकडून तिला कोंडल्यासारखं झालं होतं. तिच्या हातात एवढा पडदा तेवढा राहिला होता.

आणि शेवटी ड्रोन आला. ग्रामपंचायतीचा भोंगा खरखरला, "ज्यांच्या घराचं नुकसान झालेलं हाय त्यांनी आपापलं छत उघडं ठिवावं हो!" किशनरावानं माळवदावर जाऊन ताडपत्री गुंडाळून कडेला सारली, दोनदा खालून भगदाड निरखलं आणि समाधानानं शाळेच्या मैदानाकडं निघाला. सगळे गडी तिकडंच चालले होते.

"आपली गल्ली शेवटाला घेनारेत म्हनं," जाता जाता तो म्हणाला. "तवर तुमचं न्हाऊमाखू होऊ द्या."

कमलबाईनं पाणी तापवलं. राजेश्रीला न्हाऊ घातलं आणि धुरीच्या शेगडीजवळ पाठ उघडी करून बसवलं. ओवा, शेपा निखाऱ्यावर टाकल्यावर खोलीभर वास सुटला. मग लेकरू पायावर घेतलं. खोलीत ऊन यायचं ते भगदाडातून, तेवढ्याच तुकड्यात. त्या उन्हात बसून तिनं नातीला तेल लावलं. लेकरानं हातपाय ताणले, एक जांभई दिली आणि कमलबाईला बऱ्याच दिवसांनी हसू आलं.

तेवढ्यात, गल्लीची पाळी यायच्या आधीच, वरून भणभण आली. आधी तिला गांधीलमाशा वाटल्या. मान वर केली तर भगदाडाच्या तोंडाशी एक काळं चार पंखांचं धूड आभाळात थांबलेलं. पुढं जात नाही, मागं जात नाही. त्याच्या पोटाशी गोल काचेचा डोळा आणि तो डोळा खाली बघत होता. उघड्या पाठीच्या राजेश्रीकडं आणि पायावरच्या नागड्या लेकराकडं.

"माय! काय वं त्ये?" राजेश्री घाबरून पाठीवर लुगडं ओढायला लागली.

ज्याची रोज वाट बघितली तेच हे आलंय, एवढं कमलबाईला कळत होतं. कळत नव्हतं असं नाही. पण घरच्यांची सोडून कुणाची नजर ज्या लेकरावर पडू दिली नव्हती, त्याच्याकडं मैदानात बसलेला अख्खा गाव बघायलाय, असं तिच्या मनात आलं.

"हाड! हाड!" ती कावळ्याला हाकलावं तशी ओरडली.

धूड हललं, पण गेलं नाही. कमलबाईनं लेकरू राजेश्रीच्या मांडीवर टाकलं, ओल्या हातांनीच अंगणात धावली आणि शिडी चढून वर गेली. थोडा वेळ झाकायचं, लेकीला कोपऱ्यात बसवायचं, लेकरू गुंडाळायचं आणि मग काढायचं, एवढाच तिचा हिशेब होता. गुंडाळलेली ताडपत्री तिनं भगदाडावरून सरसर ओढली. ड्रोन उंच चढला. तिला बरं वाटलं, भ्यालं म्हणाली. खाली येऊन तिनं लेकराची दृष्ट काढली, मीठमोहऱ्या निखाऱ्यावर टाकल्या आणि पुन्हा वर जाऊन ताडपत्री बाजूला केली, तेव्हा आभाळ मोकळं होतं. भणभण पलीकडच्या गल्लीवर ऐकू येत होती.

ती तशीच अनवाणी मैदानात पोचली. ड्रोन उडवणारी पोरगी परभणीची होती, शुभदा नावाची. टोपी घालून खुर्चीत बसली होती आणि भोवती गड्यांचा गराडा.

"बाई, माझ्या घरावरून गेलं त्ये. भगदाड दिसलं ना?"

शुभदानं हातातल्या रिमोटवरचा पडदा तिच्यापुढं धरला. "आजी, आधी खाली येऊन घर ओळखायचं असतं, मग वर जाऊन फोटो घ्यायचा. पण फोटोच्या वेळी भगदाड असं झाकलेलं होतं."

कमलबाईनं जन्मात पहिल्यांदा आपलं घर वरून बघितलं. लहानसं, चौकोनी, नीटनेटकं. अंगणात तुळस. भगदाडाच्या जागी निळी ताडपत्री, एक सुरकुती नाही. आणि तिचं टोक धरून उभी असलेली एक बाई, पदर खांद्यावरून ढळलेला, तोंड वर.

"वहिनी, ह्या तर तुमीच की," दत्तराव हळूच म्हणाला. कुणी हसलं नाही.

"सर, मी पुन्हा उडवते. लगेच होईल," शुभदा तलाठ्याला म्हणाली.

तलाठी काही बोलायच्या आत मागून आवाज आला, "मंग आमचं बी पुन्हा काढा. आमच्या फोटोत लिंबाची सावली आलीय."

"आमची तर निम्मी भिंतच न्हाई आली!"

तलाठ्यानं दोन्ही हात वर केले. "बघा मावशी. एकाचं पुन्हा काढलं की गावाचं पुन्हा काढावं लागल. तुमी हरकत द्या. हरकतीवाल्यांसाठी दिवाळीच्या आसपास ड्रोन परत येईल. तवर माळवद हाय तसंच ठिवा. भरलं तर हरकत बाद."

"दिवाळीपस्तोर?"

"आता मी काय करू, तुमीच सांगा."

किशनराव गर्दीत उभा होता. तो पुढं आला नाही, तिच्यामागं दहा पावलं ठेवून घरी आला. ओरडला असता तर कमलबाईला सोसलं असतं. पडवीत बसल्यावर म्हणाला, "रोज सकाळी काढायलो की गं मी. रोज. आन तू एका घडीत झाकलंस."

"लेकरू उघडं व्हतं."

"उघडं व्हतं तर व्हतं! मशीन हाय त्ये. मशीनची कसली नजर?"

आतून राजेश्री बापाला म्हणाली, "दादा, मायला बोलू नगा. माझ्यापायी झालंय समदं. सासूबाईला फोन करा. मी जाते सोनपेठला. मी हितं नसल्यावर तुमाला उघडं ठिवायला सोपं जाईल."

कमलबाईला रडू कोसळलं. ताडपत्रीसाठी नाही, मंजूर न झालेल्या घरासाठीही नाही. लेक असं समजुतीनं बोलली, याचं तिला भयंकर दुःख झालं. मागच्या वेळीही ती अशीच समजुतीनं निघाली होती. पोटाशी लेकरू घेऊन, एसटीच्या खिडकीत बसून, येते माय म्हणून.

डोळे पुसून ती उठली. लुगड्याचा ओचा खोवला, ढिगापाशी जाऊन पाटी भरायला लागली.

"काय करायलीस?" किशनराव.

"दिसत न्हाई का?"

"हात लावू नको सांगतो! हरकत बाद हुईल. दिवाळीपस्तोर थांब, आपल्याला पक्कं छत मिळनार हाय."

"दिवाळीला मिळंल. माझं लेकरू आज हाय."

"जन्मभर माती वढावी लागल मंग."

"आजपस्तोर काय करायलो व्हतो?" ती म्हणाली आणि पाटी डोक्यावर घेऊन शिडी चढली. वर जाऊन तिच्या लक्षात आलं की माती आधी टाकून चालणार नाही, आधी वासे हवेत. ती तशीच पाटी घेऊन उभी राहिली.

पश्चिमेला ढग चढत होते. किशनराव पडवीत बसून त्या ढगांकडं बघत राहिला, मग अंगणातल्या वाशांकडं, मग आतल्या पडद्याकडं. शेवटी तो उठला. त्यानं एक वासा खांद्यावर घेतला आणि वर सरकवला. कमलबाईनं तो धरला. दुसरा वासा आला, तिसरा आला. पऱ्हाट्यांचे भारे आले. दत्तराव गल्लीतून चालला होता, त्यानं वर बघितलं. चोपणी घेऊन तोही चढला.

दिवस मावळायच्या आत भगदाड बुजलं. ढगांतून पहिले थेंब ओल्या मातीवर टपटपले तेव्हा कमलबाई गुडघ्यांवर बसून शेवटची कड हातानं लिंपत होती. पाठ मोडून आली होती. पक्क्या छताचं स्वप्न या मातीखाली तिनं स्वतःच पुरलं होतं आणि ते तिला चांगलं कळत होतं.

खालून राजेश्रीची हाक आली, "माय, आत लय अंधार झाला वं. काहीच दिसंना."

"दिवा लाव," कमलबाई म्हणाली आणि नवऱ्याकडं अजून एक पाटी मागितली.