जगनच्या पोराची धुंड

साखऱ्याच्या माळावर पळस फुलला की तांड्यातली नोकरीवाली माणसं होळीला घरी येतात. दोन हजार तीनच्या होळीला देविदास आला, आणि त्याच एसटीनं जगनही. दोघं चुलतभाऊ. दोघं पुण्याकडच्या फौजेच्या डेपोत, एकाच खरेदी विभागात. जवानांसाठी डाळ, पीठ, मसाला टेंडर काढून घ्यायचा आणि माल पारखून आत सोडायचा, हे त्यांचं काम. येताना देविदासनं मुद्दाम मागचं बाकडं धरलं. जगनशेजारची जागा रिकामीच राहिली.

एप्रिलपासून जगन त्याचा साहेब होणार होता.

देविदासनंच त्याला नोकरीला लावलं होतं. डाळ दाताखाली कशी फोडायची, मिरचीपुडीचा रंग ओल्या बोटावर कसा बघायचा, हे त्याला त्यानंच शिकवलं होतं. पुढं दरवर्षी डेपोत ट्रेनिंगची नावं निघत. कधी टेंडरच्या नव्या नियमांचं, कधी माल तपासणीचं, कधी कॉम्प्युटरचं. पहिलं नाव देविदासचंच असायचं. तो मिशीला पीळ देऊन म्हणायचा, "लमाणाला खरेदी शिकवता व्हय, साहेब? आमच्या आज्या-पणज्यांचे बैल दाणा घेऊन पुढं गेले, तवा फौजा लढल्या."

सगळे हसायचे. त्याचं नाव कटायचं आणि त्या जागी जगन जायचा.

अशा सोडून दिलेल्या जागांवर बसून बसूनच जगन वर चढला होता. देविदासला काट्यासारखं सलत होतं ते हेच. दुसऱ्यानं हिसकावलं असतं तर शिव्या तरी देता आल्या असत्या.

"त्यो शिकाया निघाला की तुमी दात काढायचे," त्याची बायको गोजरबाई पोळ्या लाटता लाटता म्हणाली. "आता काढा की!"

"तू गप बस. पोळी करपून राहिली."

"पोळी न्हाई करपली. दुसरंच काईतरी करपल्याचा वास येऊन राहिला."

धुळवडीच्या सकाळी जगनच्या पोराची धुंड होती. वर्षभरात जन्मलेल्या लेकराला तांडा या दिवशी आशीर्वाद देतो. आई लेकराला मांडीवर घेऊन बसते, वर दोघं जण आडवी काठी धरतात, बाकीचे त्या काठीवर ठेका धरतात, आणि एक जण गातो. साऱ्या तांड्यात तो गळा देविदासचा होता. त्याच्या आवाजाखालून गेलेली लेकरं आता मिसरूड फुटलेली झाली होती.

जगनची बायको नीलम पोराला घेऊन बसली. ठेका सुरू झाला. देविदासनं तोंड उघडलं, पण सूर फुटेना. पोराचं नाक अगदी जगनचं होतं.

"काहून रं देविदास?" म्हातारी सोजराबाई ओरडली. "घशात काय हरभऱ्याचा घाटा अडकला का?"

बाया खदखदून हसल्या. ठेका रिकामाच फिरत राहिला. न गाता उठावं तर लेकराचा अपशकुन, आणि पोटातली आग सगळ्यांसमोर उघडी. गावं तर जगनच्या घराला आपल्याच तोंडानं बरकत मागायची. देविदासनं जगनकडं पाहिलं. जगन हात जोडून उभा होता. त्या जोडलेल्या हातांचाही त्याला राग आला. याच्याही वाट्याला हे येऊ दे, असं त्याच्या मनात उसळलं. याच्याही पुढं कुणीतरी जाऊ दे, मग कळेल. आणि त्या रागाच्याच धारेवर गळा मोकळा झाला. बोल गोरमाटीतले, म्हणजे लमाणांच्या बोलीतले होते. मराठीत सांगायचं तर असे:

वाढ रं लेकरा, उसावाणी वाढ,
बापाच्या पागोट्याहून उंच तुझी वाट.
बाप चढला पायरी, तू चढ रं डोंगर,
मान वर करून बापानं, बघावं तुझं घर.

 बायांनी एकच गलका केला. बापापेक्षा पोरगं मोठं होवो, याहून मोठा आशीर्वाद कुणी ऐकला नव्हता. सोजराबाईनं देविदासवरून बोटं मोडली. नीलमनं पदर डोळ्याला लावला. देविदास घामेजला. त्यानं फेकला होता दगड, आणि लोकांनी तो फूल म्हणून झेलला होता.

जगन थोरल्या भावाच्या पाया पडला आणि त्याला निंबाखाली घेऊन गेला.

"भिया, सुट्टीवरून गेलो की कॉम्प्युटरच्या ट्रेनिंगची नावं पाठवायची हायेत. पुढची खरेदी सारी त्याच्यावरच व्हणार. ज्यानं हे केलं न्हाई, त्याला गोदामात बसवत्यात. तुझं नाव टाकू का?"

"शिकवायला कोण?"

जगन पायानं माती उकरू लागला. "डेपोतलं माणूस... मीच."

देविदासच्या कानशिलात रक्त वाजलं. लमाणाचे बैल, फौजा, मिशीचा पीळ, सगळं ओठावर आलं. तिकडं बाया अजून त्याचेच बोल घोळवून घोळवून गात होत्या. त्यानं मिशीकडं गेलेला हात खाली घेतला.

"टाक," तो म्हणाला. "पण सगळ्यांसमोर मला भिया म्हणायचं न्हाई."

"मग काय म्हणू?"

"नावानं हाक मार. बाकीच्यांना मारशील तशी."

जगन हसला. देविदास हसला नाही. जळत होतं, आणि तो तसाच जळत जळत पोळ्या खायला जगनच्या दारात जाऊन बसला.