माझ्या कडेवरची खोक

मित्रांनो, फळीवर गंजत पडलेला हा लोखंडी ठोकळा पाहून नाक मुरडू नका. मी एक जुना साचा आहे. डब्यांची झाकणे घडवण्यात माझा जन्म गेला.

खरे तर आम्ही दोघे भाऊ. मी खाली, पोटात खळगा घेऊन प्रेसवर घट्ट बसवलेला. थोरला वर, बरोबर माझ्या खळग्याच्या मापाचा. मध्ये तेल लावलेली पत्र्याची गोल चकती ठेवायची. भाऊ धाडकन खाली आला की पत्रा माझ्या पोटात वाकायचा, आणि तो वर गेला की झाकण तयार. आमच्यात पत्र्याच्या जाडीपुरतेच अंतर. ते वाढले तर पत्र्याला सुरकुत्या पडतात, कमी झाले तर तो फाटतो. आमची झाकणे कधी फाटली नाहीत. सगळा कारखाना आमचे कौतुक करी, आणि मला ते आवडे.

प्रेसला दोन बटणे होती, एकमेकांपासून लांब. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच भाऊ खाली येई. हात बाहेर राहावेत म्हणूनच ती सोय होती.

त्या प्रेसवर वहिनी काम करत. त्यांच्या नवऱ्याला सगळे दादा म्हणत, म्हणून या वहिनी. दादांची दोन बोटे दुसऱ्या एका प्रेसखाली गेली होती. उरलेल्या बोटांनी त्यांनी बायकोसाठी लांब लोखंडी चिमटा करून दिला होता. वहिनी सांगत, “हे म्हणाले, झाकण अडकलं तर चिमटा घाल. हात घालायचा नाही, कितीही घाई असू दे.”

मग मोठी मागणी आली आणि घाईही आली. सुपरवायझरने एका बटणात लाकडी पाचर ठोकली. आता ते कायम दाबलेलेच.

“एक हात मोकळा झाला, वहिनी. भराभर होईल.”

“साहेब, हे बरं नाही.”

“एवढा माल जाऊ द्या, मग काढू. आणि तो चिमटा ठेवा बाजूला. वेळ खातो.”

पोटाचा प्रश्न होता. वहिनी पाचरीबद्दल पुढे बोलल्या नाहीत, पण चिमटा काही त्यांनी सोडला नाही.

त्याच दिवशी एक झाकण माझ्या पोटात अडकले. वहिनींनी डाव्या हाताने चिमटा आत घातला, आणि उजवा हात सवयीने बटणावर पडला. भाऊ खाली आला. त्याला थांबता येत नाही, मित्रांनो. आम्हा यंत्रांना दया शिकवलेली नसते.

भाऊ वर गेला तेव्हा चिमट्याचे टोक चेपले होते आणि माझी कड खोल फुटली होती. वहिनी आपल्या शाबूत राहिलेल्या हाताकडे पाहत उभ्या होत्या.

सुपरवायझर धावत आला. “साचा गेला,” तो पुटपुटला.

“साचा नवा येईल, साहेब,” वहिनी म्हणाल्या.

त्याने वाकून स्वतःच्या हाताने पाचर उपटली. ती पुन्हा कधी बसली नाही.

मी मात्र कायमचा फळीवर आलो. आधी फार वाईट वाटले, खोटे कशाला बोलू. यंत्रांची निगा राखा, असे मी तुम्हाला सांगेनच. पण त्याआधी ती चालवणाऱ्या हातांना जपा. अधूनमधून वहिनी तेलाचा बोळा घेऊन येतात आणि माझ्या फुटक्या कडेवरून बोटे फिरवतात. दरवेळी मी ती मोजून घेतो.