बटणांचं भांडं

मी एक जुना पितळी ॲशट्रे आहे, मित्रांनो. लगेच नाकं मुरडू नका! राख झटकायचं भांडं म्हणून मी जन्मलो, त्यात माझा काय दोष? एका तांबटाने मला ठोकून खोलगट केलं, काठावर तीन खाचा पाडल्या आणि शिंपीमास्तरांनी मला विकत घेतलं.

कापड बेतायच्या टेबलावर, कात्री आणि खडूच्या शेजारी माझी जागा होती. काय मान होता माझा! मास्तर कुणाचंही माप लिहून ठेवत नसत. गळ्यात टेप, ओठांत सिगारेट आणि शंभर गिऱ्हाइकांची मापं डोक्यात. "धूर आत गेला की डोकं कसं झरझर चालतं," असं म्हणून ते माझ्यात राख झटकत. मास्तरांच्या हुशारीत निम्मा वाटा आपलाच, असं मला वाटे.

पन्नाशी उलटली आणि मास्तर अडखळू लागले. आताच मोजलेली छाती पुन्हा मोजू लागले. मग आणखी एक सिगारेट पेटे आणि मी काठोकाठ भरे.

एके दिवशी पोस्टमनकाका निवृत्तीच्या समारंभासाठी शिवलेला कोट घालून आरशासमोर उभे राहिले. तीस वर्षं पिशवी वाहून त्यांचा डावा खांदा उतरला होता. मास्तर दर वेळी कोटात त्या बाजूला कापसाची जादा गादी घालून तो सावरून घेत. या वेळी त्यांनी गादी उजवीकडे घातली होती! काका हसून म्हणाले, "मास्तर, मी निवृत्त होतोय की कलंडतोय?"

मास्तरांनी गादी उसवून बदलून दिली, पण काका गेल्यावर ते मटकन खाली बसले. "डोकंच साथ देईना, तर उद्या कात्री कशाच्या जोरावर धरू?" मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांची भाची आली. ती दवाखान्यात नर्स होती, म्हणून मास्तरांनी तिला आपल्या विसरभोळेपणाचं सांगितलं. तिने दहा शब्द वाचून दाखवले आणि थोड्या वेळाने विचारले. तासभर तिच्यासमोर सिगारेट न ओढता बसलेल्या मास्तरांना चार आठवले. त्यांनी घाईघाईने सिगारेट ओढली. नव्या दहा शब्दांतले सहा आठवले.

"बघ! धुराचा गुण!"

"मामा, कसला गुण? इतका वेळ सिगारेट मिळाली नाही म्हणून डोकं अडून बसलं होतं. धुराने स्वतःच पळवलेलं थोडंसं परत केलं, एवढंच. आणि वर्षानुवर्षं ओढणाऱ्यांची आठवण लवकर उतरणीला लागते, असं अभ्यासांत दिसलंय."

अरे देवा! म्हणजे टेबलावर चोर बसला होता आणि मी त्याचं ताट!

मास्तरांनी सिगारेट सोडली आणि मला घासून फळीवर ठेवलं. भाचीने मापांसाठी वही दिली, तीही त्यांनी कुरकुरत घेतली. पहिला महिना फार वाईट गेला. मास्तर शिलाई मशीनवरसुद्धा खेकसत. दोनदा त्यांचा हात माझ्यापर्यंत आला आणि मागे गेला. खोटं कशाला बोलू, धूळ खात पडण्यापेक्षा त्यांनी मला खाली घ्यावं, असं मलाही वाटायचं.

वर्षभराने पोस्टमनकाका नवा कोट शिवायला आले. मास्तर वही न उघडताच म्हणाले, "डावा खांदा. एक बोट जादा गादी." मग वहीत पाहिलं. अगदी बरोबर! मास्तरांचा चेहरा असा खुलला की काय सांगू. त्या आनंदात काकांनी खिशातून सिगारेट काढली आणि मला फळीवरून खाली घेतलं.

मास्तरांनी मला काकांच्या हातातून काढून घेतलं, टेबलावरची मूठभर बटणं माझ्यात ओतली आणि म्हणाले, "अहो, हे बटणांचं भांडं आहे!"

मित्रांनो, तेव्हापासून मी सुखात आहे. तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद राखेने भरलेला दिसला, तर त्याला घासून दुसरं काम द्या. आमच्यासारख्या भांड्यांना काहीही चालतं, बटणं म्हणा, टाचण्या म्हणा. राख टाकणाऱ्याला मात्र डोकं एकच असतं, ते जपायला त्याला मदत करा.